पोर्श ९१४ ची चौकट मजबूत करताना: पत्रा आतून, बाहेरून की फक्त मागे?

पोर्श ९१४ ही गाडी १९६९ ते १९७६ या काळात बनली. चार सिलिंडरच्या गाड्या ओस्नाब्रुकला कारमानच्या कारखान्यात तयार झाल्या, तर सहा सिलिंडरची ९१४/६ श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेनमध्ये. इंजिन आसनांच्या मागे आणि मागच्या आसाच्या पुढे, छताचा मधला भाग फायबरग्लासचा व काढता येणारा, आणि वजन जेमतेम नऊशे किलोच्या आसपास. वळणावर ही गाडी जी मजा देते ती याच रचनेमुळे, आणि तिचे दुखणेही याच रचनेत आहे. बंद छताच्या मोटारीत वाकण्याचा आणि पिळवटण्याचा बराच भार छत आणि खांब वाटून घेतात. येथे तो जवळजवळ सगळा दाराखालून पुढून मागे जाणाऱ्या दोन पोकळ पेट्यांवर येतो. गाडीत बसताना आपण उंबरठ्यासारखी जी ओलांडतो तीच ही पेटी. जाणकार तिला ‘लाँग’ म्हणतात, आणि पुढे मीही तोच शब्द वापरला आहे.

या लाँगवर मजबुतीचे पत्रे वेल्ड करायचे असतील तर तीन मार्ग आहेत. पहिला, प्रवासी कक्षाच्या बाजूने, म्हणजे लाँगच्या आतल्या अंगावर लांब पत्रा बसवणे. दुसरा, तोच प्रकार बाहेरच्या अंगावर करणे. तिसरा, पोर्शने स्वतः शर्यतीच्या जीटी गाड्यांसाठी वापरला त्या धर्तीवर फक्त मागचा भाग बांधून काढणे, म्हणजे लाँगचे मागचे टोक आणि मागच्या सस्पेन्शनचे हात जेथे अडकतात ते कोनाडे मजबूत करणे. तिन्ही संच बाजारात आकार देऊन कापलेले मिळतात आणि चांगला फॅब्रिकेटर ते साध्या पत्र्यातूनही घडवू शकतो. त्यामुळे निवडीचा प्रश्न संचाच्या किमतीपेक्षा मजुरीचा आणि गाडीच्या आजच्या स्थितीचा अधिक आहे.

स्थिती आधी पाहावी. ९१४ ची बॅटरी इंजिनकक्षात उजव्या बाजूला असते आणि वरच्या जाळीतून पावसाचे पाणी सरळ आत येते. बॅटरीतून झिरपलेले आम्ल आणि हे पाणी मिळून आधी बॅटरीचा ट्रे खातात, मग त्याखालचा उजवा लाँग आणि शेवटी सस्पेन्शनचा कोनाडा. या जागेला अमेरिकेतील मालकांनी ‘नरकाचे भोक’ असे नाव दिले आहे आणि ते अतिशयोक्त नाही. तपासणी सोपी आहे: छत काढून गाडी मागून जॅकवर उचला आणि दार उघडून-मिटून पाहा. दाराच्या मागच्या कडेची फट वरच्या बाजूस अरुंद होत असेल, तर चौकट मधोमध खचू लागली आहे असे समजावे. त्यानंतर गालिचे आणि बाहेरची स्क्रूने बसवलेली झाकणपट्टी काढून लाँगवर सगळीकडे जाड स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावे. पत्रा कुरकुरला तर मजबुतीचा विचार तेथेच थांबवून आधी सडलेला भाग कापून नवा जोडावा लागेल. गंजावर जाड पत्रा चढवून वर रंग मारलेल्या गाड्या विक्रीला येतात, आणि त्यांना ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ याहून योग्य वर्णन मला सुचत नाही.

लाँग निरोगी असेल, किंवा नीट दुरुस्त झाला असेल, तर रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी मला आतला पत्रा सर्वांत पटतो. तो मागच्या आडभिंतीपासून पुढच्या दारखांबापर्यंत जातो. छताच्या अभावी जो पट्टा सर्वाधिक वाकतो त्याच्या पूर्ण लांबीला तो आधार देतो, आणि गाडीच्या बाहेरच्या रंगाला हात लागत नाही. शिवाय तो कोरड्या बाजूला राहतो, आणि गंजखाऊ गाडीत या एका गोष्टीचे मोल फार आहे. त्याची किंमत श्रमात मोजावी लागते. आसने, गालिचे आणि तळाला चिकटवलेला डांबरी थर काढावा लागतो. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या या गाडीत हँडब्रेकचा दांडा चालकाच्या डाव्या हाताला, नेमका पत्र्याच्या वाटेत येतो, म्हणून तोही उतरवावा लागतो. दोन धोके मात्र मनावर घेण्यासारखे आहेत. हीटरची गरम हवा लाँगच्या पोटातूनच पुढे जाते, तेव्हा त्या नळ्यांची स्थिती पत्रा बसण्याआधी तपासली नाही तर नंतर तेथे पोहोचणे अवघड होते. आणि इंधनाच्या मूळ नळ्या प्लॅस्टिकच्या असून मधल्या बोगद्यातून जातात. पन्नास वर्षांच्या प्लॅस्टिकशेजारी ठिणग्या उडवणे हा वेडेपणा आहे. त्या नळ्या काढूनच काम सुरू करावे आणि परत बसवताना स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्यात.

बाहेरच्या पत्र्याच्या बाजूने मुख्य मुद्दा सोयीचा आहे. झाकणपट्टी काढली की लाँग उघडा पडतो, आतला संसार मोडावा लागत नाही आणि काम झाल्यावर पट्टीखाली सगळे झाकले जाते. उभ्या वाकण्याच्या दृष्टीने पत्रा आत आहे की बाहेर याने फारसा फरक पडत नाही, कारण तेथे पत्र्याची उंची मोलाची असते. पीळ सोसण्याची ताकद पेटीने वेढलेल्या क्षेत्रफळावर आणि तिच्या भिंतींच्या जाडीवर ठरते, त्यामुळे तेथेही दोन्ही जवळपास सारखेच ठरतात. तोटा पाण्याचा आहे. मागचे व पुढचे चाक उडवते ते सगळे याच बाजूवर येते, आणि एकावर एक बसवलेल्या दोन पत्र्यांमधली फट ओल धरून ठेवते. जॅक लावण्याच्या जागाही याच अंगावर आहेत. त्या भोवती पत्रा नीट कापून बसवला नाही तर तेथूनच गंजाची सुरुवात होईल. म्हणून बाहेरचा भाग सडल्यामुळे तसाही बदलायचाच असेल, तेव्हाच हा मार्ग धरावा असे माझे मत आहे. धडधाकट बाहेरच्या पत्र्यावर केवळ सोय म्हणून दुसरा थर चढवणे म्हणजे पुढच्या दहा वर्षांचा त्रास विकत घेणे होय.

मागचा, जीटी पद्धतीचा संच वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. १९७० च्या ल मान्स शर्यतीत ९१४/६ जीटी एकूण सहावी आली आणि आपल्या गटात पहिली ठरली. त्याच वर्षी न्यूर्बुर्गरिंगवरच्या ८६ तासांच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक याच गाड्यांनी घेतले. रुंद टायर आणि वाढलेली पकड असली की मागच्या सस्पेन्शनच्या बैठकीवर येणारे धक्के कित्येक पटींनी वाढतात आणि तेथील पत्रा फाटू लागतो. हा संच त्यावरचा उपाय आहे. ८० अश्वशक्तीचे मूळ १.७ लिटर इंजिन आणि अरुंद चाके असलेल्या गाडीला त्याची निकड नाही. मात्र पोर्शच्याच ९११ चे मोठे सहा सिलिंडरचे इंजिन किंवा सुबारूचे इंजिन बसवायचे असेल, तर हा संच आणि आतला पत्रा हे दोन्ही हवेत. केवळ मधला भाग ताठ केला तर ताण नाहीसा होत नाही, तो ताठ भाग जेथे संपतो तेथे जाऊन साचतो. याच कारणासाठी कोणत्याही पत्र्याचे टोक सरळ उभे कापू नये, निमुळते ठेवावे.

वजनाची चिंता करू नये. दीड मिलिमीटर जाड, १.४ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद पोलादी पत्रा सुमारे ५ किलोचा भरतो; दोन्ही बाजू मिळून १० किलो, म्हणजे गाडीच्या वजनाच्या एक टक्क्याच्या जरा वर.

मार्ग कोणताही निवडला तरी कामाची पद्धत निकालावर जास्त परिणाम करते. वेल्डिंगपूर्वी दाराच्या बिजागरीपासून कुलुपाच्या खांबापर्यंत लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा बोल्टने बसवून दाराची फट बरोबर जुळवून घ्यावी, कारण खचलेल्या अवस्थेत पत्रा वेल्ड झाला तर ती खचण कायमची होते. गाडीचे वजन चाकांवर किंवा सस्पेन्शनच्या जागांवर पेलावे, मधोमध नव्हे. बॅटरी सोडवावी, आल्टरनेटर आणि इंधन-इंजेक्शनचा संगणक काढून ठेवावा. पत्र्यात सुमारे ८ मिलिमीटरची भोके पाडून त्यातून मिग (सतत सुटणाऱ्या तारेच्या) वेल्डिंगने टाके भरावेत आणि कडा दोन-अडीच सेंटिमीटरच्या तुटक शिवणीने जोडाव्यात. दर दोन-तीन टाक्यांनंतर दुसऱ्या टोकाला किंवा दुसऱ्या बाजूला जावे, म्हणजे उष्णतेने चौकट ओढली जाणार नाही. दोन पत्र्यांच्या मिलनपृष्ठांवर जस्तयुक्त प्रायमर लावावा, काम थंड झाल्यावर पेटीच्या पोटात मेण फवारावे, आणि पाणी निघून जाण्याची मूळ भोके मेणाने वा सीलरने बुजलेली नाहीत हे तारेने तपासावे.

एक अपवाद नोंदवतो. हाती मूळ क्रमांकांची, म्हणजे कारखान्यातले इंजिन अजून त्याच चौकटीत असलेली ९१४/६ असेल, तर तिच्यावर जास्तीचा एकही पत्रा चढवू नये. अशा गाड्या साडेतीन हजारांहूनही कमी बनल्या, आणि वेल्ड केलेला पत्रा मूळ पत्र्याला इजा न करता काढता येत नाही. तिच्यासाठी गंज कापून मूळ जाडीचाच पत्रा मूळ ठिकाणच्या टाक्यांनी जोडणे, आणि आम्ल न सांडणारी बंद बॅटरी वापरणे, एवढेच योग्य.