बीटलच्या पाठीत सुबारूचं इंजिन: ॲडॉप्टर किट वापरून झाल्यावर

गाडी १९७३ ची फोक्सवॅगन १३०३ एस बीटल. मूळ इंजिन १६०० सीसीचं, हवेवर थंड होणारं, कागदावर ५० हॉर्सपॉवर; चढावर त्यातले निम्मे रजेवर. तिथे आता सुबारूचं २.२ लिटरचं ईजे२२ बसलंय. हे नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडणाऱ्या किटचं नाव मुद्दाम घेत नाही. अशी बरीच मिळतात आणि तपासायच्या गोष्टी सगळ्यांत त्याच.

सुबारूच का? तेही चार आडव्या सिलिंडरांचं इंजिन, आणि फिरतंही बीटलच्याच दिशेने. शेवरले कॉर्वेअर या जुन्या अमेरिकन गाडीचं इंजिन टाकणाऱ्यांना विचारा! ते उलटं फिरतं. गिअरबॉक्स उघडून क्राउन व्हील (चाकांकडे फिरणं पोचवणारं मोठं दातेरी चाक) दुसऱ्या बाजूला घेतलं नाही, तर पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला चार.

किटमधली ॲल्युमिनियमची प्लेट अव्वल आहे. डॉवेल, म्हणजे प्लेट नेमकी जागेवर धरणाऱ्या पिना, रबरी हातोड्याच्या दोन टोल्यांत जागेवर बसले. फ्लायव्हीलला (क्लच ज्यावर बसतो ते जड चाक) क्रँकच्या बाजूने सुबारूची आठ भोकं, कडेला १३० दातांची रिंग. त्यामुळे १२ व्होल्टचा जुना स्टार्टर आणि २०० मिमीचा क्लच तसेच चालले. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पेलणारं पायलट बेअरिंग आधीच ठोकून दिलेलं. गिअरबॉक्सचा शाफ्ट सरळ आत गेला, बोल्ट आवळून इंजिन ओढून घ्यायची वेळ आली नाही. ज्याने तो प्रकार एकदा केलाय त्याला यातलं सुख कळेल.

सुबारूचं इंजिन पाण्यावर थंड होतं, आणि त्या पाण्याच्या बाबतीत मात्र आनंद. होज इतके पातळ की वळणावर चपटे होतात, आणि माहितीपत्रक सरळ सांगतं की इंजिनावरचे, गाडीतल्या हीटरकडे जाणारे दोन्ही नळ टोप्या लावून बंद करा. सांगितल्याप्रमाणे बंद केले. तापमानाचा काटा चढत लाल पट्ट्याकडे, आणि पुढे रेडिएटरला हात लावला तर गार! ईजेचा थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) पाणी इंजिनात शिरतं त्या तोंडाशी असतो. हीटरच्या वाटेने गरम पाणी त्याच्यापर्यंत आलं नाही तर तो उघडणार कसा? टोप्या काढल्या, दोन्ही नळ एका पाइपने जोडले. तेव्हापासून काटा हलत नाही. म्हणून प्लेट, फ्लायव्हील सुटं देत असतील तर तेवढंच घ्या. होज चांगल्या प्रतीचे बाहेरून.

जाहिरातीतल्या फोटोत बुटका संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) दिसतो, खोक्यात नसतो. सुबारूचा मूळ संप बीटलखाली फारच लोंबतो, त्यामुळे तो खर्च वेगळा, त्यातलं तेल ओढणाऱ्या पिकअप पाइपसकट. पेट्रोलच्या इंजेक्शनसाठी जास्त दाबाचा पंप आणि टाकीकडे परतीची लाइन लागते, तीही आपली आपण. इंजिन चालवणारा संगणक म्हणजे ईसीयू; त्याच्या वायरिंगबद्दल पत्रकात एकच ओळ: ‘ईसीयू जोडा.’ धन्यवाद.

गिअरबॉक्स मूळचाच ठेवलाय. पहिल्यात क्लच झटक्यात सोडायचा नाही, एवढं पथ्य. पण चौथा फार लवकर संपतो, मोकळ्या रस्त्यावर इंजिन उगाच ओरडत राहतं. लांब रेशोचा चौथा शोधतोय.