जीएसएम मॉड्यूलसाठी उनो की मेगा?

विहिरीवरचा पंप एसएमएसने चालू-बंद करण्यासाठी आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डला (उनो किंवा मेगा) सिम८००एल हे मोबाइल नेटवर्कशी (जीएसएम) जोडणारे मॉड्यूल जोडायचे ठरले, की आधी सीरियल पोर्टचा, म्हणजे दोघांमध्ये एकेक बिट नेणाऱ्या जोडणीचा, प्रश्न येतो. उनो आर३ वर हार्डवेअर यूएआरटी (सीरियल संवाद सांभाळणारे सर्किट) एकच असून तो यूएसबीच्या कामात अडकलेला असतो; म्हणून बहुतेक जण तेच काम साध्या पिनांवर प्रोग्रामने करणारी सॉफ्टवेअरसीरियल लायब्ररी घेतात. मीही घेतली होती. जीपीएससारख्या, केवळ ऐकायच्या कामाला ती ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) पुरेशी वाटते.

जीएसएम मॉड्यूलचे तसे नाही. आपण एटी कमांड (मॉड्यूलला द्यायच्या आज्ञा) पाठवत असतानाच ते प्रत्येक अक्षर परत पाठवत असते. सॉफ्टवेअरसीरियल एक बाइट पाठवताना इंटरप्ट (चालू काम थांबवून आलेल्या सिग्नलकडे लक्ष वेधणारी सोय) बंद ठेवते, ९६०० बॉडवर सुमारे १ मिलिसेकंद, आणि तेवढ्यात आलेल्या अक्षराची सुरुवात निसटते. माझ्या सीरियल मॉनिटरवर कमांडच्या जागी तुटकी अक्षरे दिसत, त्यामागचे ‘ओके’ मात्र नीट येई. एटीई० देऊन ही पुनरावृत्ती थांबवली तेव्हा प्रश्न सुटला असे वाटले. पण नवा एसएमएस आल्याची सीएमटीआय ही सूचना मॉड्यूल स्वतःहून कधीही पाठवते, आणि माझा प्रोग्राम तर दर काही सेकंदांनी कमांड पाठवून सिग्नल विचारत असे. एका पहाटे या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच क्षणी घडल्या. संदेश सिममध्ये न वाचलेला पडून राहिला, आणि पंप सुरू करायला मला विहिरीपर्यंत चालत जावे लागले. मेगा घ्यायचा माझा निर्णय तिथेच झाला.

पॉल स्टॉफ्रेगेन यांची ऑल्टसॉफ्टसीरियल लायब्ररी एकाच वेळी पाठवू आणि ऐकू शकते, हे खरे. मात्र उनोवर ती ८ आणि ९ या पिनांना बांधलेली असते, टायमर १ (चिपमधला वेळ मोजणारा भाग) स्वतःकडे घेते आणि १० क्रमांकाच्या पिनवरचे पीडब्ल्यूएम (पल्सची रुंदी बदलून आउटपुट कमी-जास्त करण्याची सोय) जाते. हे चालत असेल, तर उनो बदलण्याचे कारण नाही.

मेगा महाग आहे आणि लहान पेटीत बसत नाही. तरीही त्यात चार यूएआरटी आहेत. मॉड्यूल १८ आणि १९ या पिनांवर नेल्यापासून माझी एकही सूचना हुकल्याचे आठवत नाही. मात्र तिथेही येणाऱ्या बाइटसाठीचा बफर (तात्पुरती साठवण) ६४ बाइटचाच असतो आणि ९६०० बॉडवर तो साधारण ६७ मिलिसेकंदांत भरतो, म्हणून लूपमध्ये लांबलचक डिले ठेवू नये.