निकॉन प्रोस्टाफ पी३ ८×४२ : ठाणे खाडीसाठी दहापेक्षा आठ बरी

फ्लेमिंगो बघायचे म्हणून दुर्बीण घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "किती लांबचं दिसतं?" ठाणे खाडीत फ्लेमिंगो दाखवायला नेणाऱ्या ऐरोलीच्या बोटीत या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. बोट डुलत असते, उघड्या चिखलावरची हवा तापून थरथरत असते, आणि पक्षी जितक्या पट मोठा दिसतो तितक्याच पट हाताचा कंपही मोठा होतो. म्हणून निकॉनच्या प्रोस्टाफ पी३ मालिकेतली १०×४२ समोर असली तरी ८×४२ घ्यावी. यात ८ किंवा १० म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, आणि ४२ म्हणजे पुढच्या काचेचा मिलिमीटरमधला व्यास.

आठमध्ये जास्त रुंद दिसतं, असं सर्रास सांगतात. या जोडीत तो फरक नगण्य आहे : हजार मीटरवर आठमध्ये १२६ मीटर रुंदी दिसते, दहामध्ये १२२. खरी कारणं दुसरी. ४२ला ८ने भागलं की ५.२५ येतात, तेवढे मिलिमीटर जाड प्रकाशाचा झोत डोळ्याकडे येतो. दहामध्ये तो ४.२ होतो. भर उन्हात डोळ्याची बाहुली आकसलेली असते, त्यामुळे उजेडात फरक जाणवत नाही. पण झोत जाड असला की बोट हलली तरी डोळा त्याच्या आत राहतो, चित्र मधेच काळं पडत नाही. ठाण्याजवळच्या येऊरच्या झाडीत पहाटे मात्र उजेडाचाही फायदा मिळतो. चष्मेवाल्यांनी आणखी एक आकडा बघावा : आयपीसपासून, म्हणजे डोळ्याकडच्या काचेपासून, डोळा २०.२ मिमी दूर ठेवला तरी आठमध्ये पूर्ण वर्तुळ दिसतं, दहामध्ये ही सूट १५.७ मिमीच आहे. चष्मा असेल तर आयकप (आयपीसभोवतीची वरखाली होणारी कडा) पूर्ण खाली करून बघायचं.

वजन ५६५ ग्रॅम, गळ्यात सहज पेलतं. उणीव आहे ती जवळच्या फोकसची. तीन मीटरच्या आतलं स्पष्ट दिसत नाही, त्यामुळे ओवळेकर वाडीत फुलपाखरं बघणाऱ्यांनी ही घेऊ नये. निकॉनचीच मोनार्क एम५ ८×४२ अडीच मीटरपर्यंत येते आणि तिच्या ईडी काचेमुळे (ही रंग कमी विखुरते) पांढऱ्या आकाशासमोर पक्ष्याच्या कडेला जांभळी झाक कमी दिसते. पण तिची रुंदी ११२ मीटरच आहे, आणि उडता थवा पकडताना ते जाणवतं. ऑलिंपस ८×४० डीपीएस-१ तब्बल १४३ मीटर दाखवते, मात्र ती जलरोधक नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे मोठं वजाबाकीचं कारण आहे.

लालभडक काचांच्या दुर्बिणी अजिबात घेऊ नका. काचेवरचा लाल थर लाल प्रकाश परतवतो, म्हणून आतलं चित्र हिरवट होतं. लहान रोहिताची (लेसर फ्लेमिंगोची) चोच जवळजवळ सगळी गडद किरमिजी, मोठ्या रोहिताची (ग्रेटर फ्लेमिंगोची) गुलाबी आणि टोकाशी काळी; ही ओळखच रंगावर उभी आहे.

दुकानात दुर्बीण हातात आली की बाहेर रस्त्यावर या. दोन नळ्या डोळ्यांच्या अंतराला जुळवा. उजवी नळी झाकून मधल्या चाकाने लांबच्या होर्डिंगवरची अक्षरं स्वच्छ करा. मग डावी झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या आयपीसची कडी फिरवून तीच अक्षरं जुळवा. आता दोन्ही डोळ्यांनी एखादी आडवी तार बघा. तार दुहेरी दिसली किंवा मिनिटभरात डोळे ताणले, तर नळ्या समांतर नाहीत; तो नग परत करा.

स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची जास्त पटींची दुर्बीण, बोटीवर निरुपयोगी. भरतीला खाडीतला चिखल बुडतो आणि पक्षी सीवूड्स-नेरुळच्या पाणथळींवर येतात, तिथे काठावर भक्कम ट्रायपॉडवर तो छान चालतो. ऊन चढलं की मात्र २०-२५ पटींच्या वर जाऊ नका. ६० पटींवर तापलेली हवाच मोठी दिसते.

बोटीतून आल्यावर काच कोरडी पुसू नका, मिठाचे कण कोटिंगवर ओरखडे काढतात. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्यात पिळलेलं मऊ कापड. पी३ जलरोधक असली तरी नळाखाली धरू नका. पाण्याचा दाब सोसेल अशी हिची बांधणी नाही. आत नायट्रोजन असल्याने आतून वाफ धरत नाही, पण बाहेरच्या काचेवर बुरशी येऊ शकते. जून ते सप्टेंबर ती मूळ पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की ते बदला.