आय-फाइव्ह ३४७०: आठ महिन्यांचा अनुभव आणि फॅनची एक पिन

मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रिका उघडलेली असताना माझा सीपीयू खटकन बंद पडला. पाच मिनिटं थांबून चालू केला, तर पंधरा मिनिटांत पुन्हा बंद. त्या दिवशी तीन घरच्या पत्रिका छपाईला जायच्या होत्या. मी घरीच डीटीपीची, म्हणजे छपाईचा मजकूर संगणकावर मांडून देण्याची, कामं घेते. मशीन थांबलं की त्या दिवसाची कमाईही थांबते.

हा असेंबल केलेला सेकंडहँड डबा मी साडेसात हजारांना घेतला होता. आठ जीबी रॅम, एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) तेवढा नवा. प्रोसेसर, म्हणजे मुख्य चिप, इंटेलचा आय-फाइव्ह ३४७०, २०१२ सालचा: चार कोअर (काम करणारे भाग), वेग ३.२ गिगाहर्ट्झ, गरज पडली की ३.६. त्याच दुकानात आधीच्या पिढीचा आय-फाइव्ह २४०० प्रोसेसर असलेला डबा हजार रुपयांनी स्वस्त मिळत होता. पण तो ९५ वॅटचा आणि हा ७७ चा, म्हणजे हा कमी उष्णता टाकणारा. माझी कामाची खोली पत्र्याखाली आहे. कमी तापेल म्हणून मी हजार रुपये जास्त मोजले, आणि हाच तापून बंद पडायला लागला. राग आला तो या हजार रुपयांचा.

दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने झाकण उघडलं, फुंकर मारली आणि म्हणाला, "ताई, प्रोसेसर गेला. या जुन्यात पैसे घालू नका, बोर्डासकट नवीन घ्या. बावीस हजारांत बसवून देतो." मी विचारलं, "दादा, तापमान बघितलंत का?" त्यावर त्याने दीडशे रुपये तपासणीचे मागितले. दिले आणि डबा उचलून घरी आणला.

घरी तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. नुसता डेस्कटॉप उघडा असताना ७९ अंश! कोरलमधून पीडीएफ काढायला घेतली की १०५. या प्रोसेसरची मर्यादाच १०५ आहे. तिथे पोहोचला की तो स्वतःला वाचवायला वेग उतरवतो, माझ्याकडे थेट १.६ गिगाहर्ट्झवर येत होता. तरी तापतच राहिला तर बंद होतो. म्हणजे प्रोसेसर गेला नव्हता, जीव वाचवत होता. पण दोष मी त्यालाच दिला. आधीच्या पिढीत चिप आणि वरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये सोल्डर (वितळवून जोडलेला धातू) असायचं, या पिढीत तिथे उष्णता वाहून नेणारी पेस्ट आली. इतक्या वर्षांत ती वाळली असणार, आता इलाज नाही, २४०० घ्यायला हवा होता, असं माझं ठाम मत झालं.

इथपर्यंत रविवारी लिहिलं होतं. आज गुरुवार, आणि वरचं शेवटचं वाक्य मी मागे घेते.

सोमवारी प्रोसेसरवरचा फॅन काढायला गेले तर त्याला बोर्डावर धरून ठेवणाऱ्या चार पिनांपैकी एक हातातच आली. तिचं खालचं पांढरं टोक चिरलेलं होतं. तो कोपरा उचलला गेला होता, त्यामुळे एका बाजूला झाकणावरच्या बाहेरच्या पेस्टची भुकटी आणि दुसऱ्या बाजूला हीटसिंक (फॅनखालचा, उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) प्रोसेसरच्या झाकणाला टेकतच नव्हता. एवढंच झालं होतं. त्या दीडशे रुपयांत फॅनवर बोट ठेवून हलवून बघितलं असतं तरी कळलं असतं.

या पिनांबद्दल नीट सांगते, कारण मलाही आधी माहीत नव्हतं. डोक्यावर बाण असतो. बाणाच्या दिशेने फिरवली की पिन सुटते. बसवताना उलट फिरवून ठेवायची आणि मग सरळ खाली दाबायची, 'टक' आवाज येईपर्यंत. एक दाबली की तिच्या समोरच्या कोपऱ्यातली दाबायची, शेजारची नाही. बोर्ड बाहेर काढून मागून बघा: चारही पांढरी टोकं पूर्ण आरपार आणि पसरलेली दिसायला हवीत. बसवताना बाणाकडे फिरवलेली पिन बसल्यासारखी वाटते, पण धरत नाही.

भंगारातल्या फॅनच्या चार पिना पन्नास रुपयांना मिळाल्या, पेस्ट ऐंशीची. आता नुसता चालू असताना ४६, पीडीएफ काढताना ७१, तेही पत्र्याखाली दुपारी दोन वाजता. चाळीस पानांची स्मरणिका काल एका बैठकीत झाली, वेग एकदाही उतरला नाही. हजार रुपये वाया गेले नव्हते.

बाकी थोडक्यात. यूट्यूबचे व्हिडिओ ज्या व्हीपी-नाईन प्रकारात येतात तो याच्या ग्राफिक्सला झेपत नाही, सगळा भार कोअरवर येतो. ब्राउझरमध्ये एच-२६४ हा जुना व्हिडिओ प्रकार सक्तीचा करणारं एक्स्टेंशन (जोड-प्रोग्राम) टाकलं की सुटतं. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून बँकेचं काम मी या मशीनवर करत नाही. पत्रिकांसाठी मात्र हाच राहणार. पुढच्या मार्चमध्ये, ऊन चढायच्या आधी, पेस्ट बदलून पिना मागून बघेन.