कुंडीतला सेज: काही महिने सांभाळल्यानंतरचा अनुभव

सेज, म्हणजे स्वयंपाकात वापरायची सुवासिक पानांची वनस्पती. तिचं रोप माझ्याकडे येऊन बरेच महिने झाले. या काळात त्याने कडक ऊन, झड लागलेला पाऊस आणि थंडी असं सगळं पाहिलं, आणि आज ते चांगलं भरलेलं, पसरट झुडूप आहे. एवढ्या अनुभवावर एक गोष्ट ठामपणे सांगते: सेज मरतो तो बहुतेक वेळा तहानेने नाही, तर ओल्या पायांनी. खत, औषध, महागडी माती हे सगळं नंतर. आधी मुळांशी हवा खेळती हवी.

याचं कारण त्याच्या मूळ ठिकाणात आहे. सेज भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ, चुनखडीच्या उतारांवर वाढलेला. तो तुळस-पुदिन्याच्याच कुळातला, कोवळी खोडं तशीच चौकोनी, पण पुदिन्याला सतत ओल लागते आणि सेजला ती सोसत नाही. त्यामुळे 'हर्ब गार्डन' म्हणून दोघांना एकाच लांबट कुंडीत लावणं मला पटत नाही. एकाचं भागवायला गेलं की दुसऱ्याचे हाल. सेजला शेजार द्यायचाच तर रोझमेरी किंवा थाइम या सुवासिक वनस्पतींचा द्यावा. रोझमेरी तर त्याची इतकी जवळची की 2017 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला सेजच्याच साल्विया प्रजातीसमूहात घेतलं.

माझी कुंडी मातीची आहे, तळाशी मोठं भोक असलेली. भाजलेली माती बाजूनेही पाणी सोडते, म्हणून प्लास्टिकपेक्षा लवकर वाफसा येतो, म्हणजे जादा ओल निघून जाते. आत साधी बागेची माती, जाडी रेती आणि कुजलेलं खत साधारण सारख्या प्रमाणात. नर्सरीतली रोपं बऱ्याचदा निव्वळ कोकोपीटात (नारळाच्या काथ्याच्या भुशात) घट्ट बसवलेली असतात आणि ते कोकोपीट आत दिवसेंदिवस ओलं राहतं. कुंडी बदलताना ते हलक्या हाताने जमेल तेवढं सोडवून घ्यावं. ताटली ठेवलीच तर तिच्यात पाणी साचू देऊ नये.

पाणी कधी द्यायचं, हे पानांवरून कळतं, पण इथे नीट बघावं लागतं. पानं मलूल दिसली की हात आपसूक झारीकडे जातो. त्याआधी बोट दोन पेरं मातीत घालावं. माती कोरडी असेल तर पाणी मिळताच काही तासांत पानं ताठ होतात. माती ओली असूनही पानं लोंबत असतील, खालची पिवळी पडत असतील, तर मुळं कुजायला लागली आहेत. तिथे आणखी पाणी म्हणजे रोप हातचं गेलंच. हा एक फरक समजला की सेजची निम्मी काळजी मिटते.

ऊन सहा तास तरी थेट हवं. सावलीतल्या फांद्या लांबट, विरळ होतात आणि पानांना वासही बेताचाच येतो. पाऊस लागून राहिला की मी कुंडी छपराखाली सरकवते, आणि झुडपाच्या मधल्या एक-दोन दाट फांद्या काढून टाकते, म्हणजे आत वारा शिरतो. नाहीतर भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, धरते. कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी (रस शोषणारी अगदी बारीक कीड) येतो. पान उलटं करून बारीक जाळी दिसते का ते बघायचं आणि पाण्याची जोरदार धार मारायची.

सेजचं पान एकदा अगदी डोळ्यांजवळ धरून बघाच. शेंड्याचं कोवळं पान जवळजवळ पांढरं दिसतं, इतकी त्यावर लव असते. पान वाढतं तशी ती विरळ होते आणि खालची खडबडीत, दाणेदार, राखाडी-हिरवी नक्षी उघडी पडते. ही लव पानातलं पाणी उडून जाऊ देत नाही. वास मात्र तिथेच असलेल्या सूक्ष्म तेलग्रंथींचा. चुरगळलं की कापरासारखा झणका येतो.

पहिल्या वर्षी तोडणी बेताने करावी. शेंडे खुडत राहिलं की खालच्या पेरांतून दोन-दोन कोंब फुटतात. पण जुन्या, पानं नसलेल्या लाकडात कात्री घालू नका, तिथून पुन्हा फूट येईलच असं नाही. खतही थोडंच पुरे. नत्र जास्त झालं तर पानं मोठी होतात, पण स्वाद उतरतो.

स्वयंपाकात ताजं पान कच्चं खाण्यापेक्षा लोण्यात कुरकुरीत तळलेलं कितीतरी सरस; काही सेकंदांत होतं, करपायलाही तेवढाच वेळ लागतो. वाळवल्यावर स्वाद तीव्र होतो, म्हणून हात आखडता ठेवावा. पानं जाड, तेव्हा सावलीत पूर्ण खडखडीत झाल्याशिवाय बरणीत भरू नका. आणि सेजच्या पानांतून काढलेलं सुगंधी तेल पोटात घेऊ नये. त्यात थुजोन नावाचं द्रव्य असतं, जास्त प्रमाणात ते विषारी ठरतं. गरोदरपणात तर औषध म्हणून सेज टाळावाच.

तीन-चार वर्षांत झुडूप लाकडी होतं आणि पानं कमी देतं, म्हणून मी आतापासूनच कलमं करून ठेवली आहेत. फुलं नसलेला, आठ-दहा सेंटिमीटरचा शेंडा पेराच्या खाली कापायचा, खालची पानं काढायची आणि ओलसर रेतीत खोचायचा. मुळं धरायला काही आठवडे लागतात. हलकं ओढल्यावर काडी अडली की समजायचं, कुंडी तयार करायला हरकत नाही. बियांपासूनही रोप होतं, पण तोडणीजोगं व्हायला फार वेळ जातो. नव्याने लावणाऱ्याने सरळ रोप किंवा कलमच घ्यावं.