बाल न्याय मंडळात मिळालेला विधी सेवेचा मोफत वकील: आमचा अनुभव

सेवा: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून, मिळणारा मोफत वकील. पाचपैकी चार तारे. जिल्ह्याचं, चौकीचं आणि मुलाचं नाव लिहिणार नाही. मूल ओळखू येईल असं काही जाहीर करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची मनाई आहे, आणि ती मनाई मला मनापासून पटते.

मी अंगणवाडी सेविका. माझ्या ताईचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याच्या वस्तीतल्या पोरांनी एका रात्री रस्त्याकडेला लावलेल्या गाड्यांच्या काचा फोडल्या. दोघातिघांकडे कोयते होते, एकजण रील काढत होता. आमचा पोरगा त्यांच्यात होता. त्याच्या हातात कोयता नव्हता, पण दांडकं होतं आणि त्यानं ते चालवलं. फुटलेल्या गाड्यांत एक रिक्षा होती. हप्ते अजून फिटायचे होते तिचे. त्या रिक्षावाल्याचा राग मला समजतो, म्हणून आमच्या मुलानं काहीच केलं नाही असं मी कुणाला सांगत बसले नाही.

चौकीत पोरगा थोराड दिसतो म्हणून तोंडी त्याचं वय एकोणीस धरलं होतं. मोठ्या पोरांबरोबर यालाही नेहमीच्या कोर्टात उभं करायच्या बेतात होते. ताई रडत होती. बाहेर फायली घेऊन उभ्या असलेल्या एकानं तिला गाठलं, "आज पंचवीस हजार द्या, उद्या पोरगा घरी." ताईनं कानातली फुलं काढायला हात लावला होता.

आमच्या अंगणवाडीत महिलांच्या कायदेशीर माहितीचं शिबिर झालं होतं, तिथे आलेल्या विधी स्वयंसेवक बाईंचा नंबर माझ्याकडे होता. त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "पैसे कुणाला देऊ नका. आधी शाळेत जा आणि जन्मतारखेचा दाखला घ्या. आधार कार्ड घेऊन वाद घालत बसू नका." बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये वयाच्या पुराव्याचा क्रमच दिलेला आहे. पहिला शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टर काढून तारीख बघितली आणि शाळा भरायच्या आत सही-शिक्क्याचा कागद हातात दिला. तो कागद चौकीत ठेवल्यावर सगळ्यांची भाषा बदलली. मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, आणि चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांच्या केस चालतात तिथे, हजर करावंच लागतं. आमचा पोरगा त्याच दुपारी मंडळापुढे आला.

वकीलबाई तिथेच भेटल्या. अर्ज एका पानाचा. उत्पन्नाचा दाखला लागला नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील देतं. या मोफत वकिलांना लोक "सरकारी वकील" म्हणतात, तसं म्हणू नका. सरकारी वकील समोरच्या बाजूनं बोलतो, या आपल्या बाजूनं. पोराला बघितल्यावर त्यांनी केसचं काही विचारलं नाही. रात्री कुठे बसवलं होतं, कुणी हात उचलला का, पाणी कधी मिळालं, हे विचारून उत्तरं वहीत वेळेसकट लिहून घेतली. मग त्याचे दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहिले.

मंडळाची खोली बघून ताईला धीर आला. उंच व्यासपीठ नाही, आरोपीचा पिंजरा नाही. एका टेबलामागे दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते सदस्य, त्यातल्या एक बाई. पोरगा खुर्चीवर बसला होता.

आता जामिनाचं सांगते, कारण या वकिलांचं खरं काम मला तिथे दिसलं. आम्हाला वाटायचं, लहान आहे, सोडतीलच. बाल न्याय कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मुलाला सोडायचं हाच नियम, पण त्यात अडकाठ्या आहेत. सुटल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल असं मंडळाला वाटलं, तर जामीन नाकारता येतो. टोळीच्या केसमध्ये समोरून हाच मुद्दा येतो आणि तो खोटा नसतो. ताईच्या घरापासून चार दारं सोडून तो "भाई" राहतो, जो या पोरांना वडापाव चारतो, गाडीत पेट्रोल भरतो, वाढदिवसाला तलवारीनं केक कापायला लावतो. वकीलबाईंनी हे नाकारलं नाही. त्यांनी आम्हालाच विचारलं, "हा त्या गल्लीत परत गेला नाही तर कुठे राहील? मला पत्ता सांगा, माणूस सांगा, सकाळी उठवणारा सांगा." मी म्हटलं, माझ्याकडे. माझं घर दुसऱ्या तालुक्यात. माझ्या घराचं वीजबिल, माझं अंगणवाडीचं ओळखपत्र, तिथल्या शाळेत प्रवेश देतो असं पत्र आणि माझं हमीपत्र, एवढं त्यांनी जामीन अर्जाला जोडलं. जामीन झाला. वस्तीत जायचं नाही आणि परिविक्षा अधिकाऱ्याकडे (प्रोबेशन ऑफिसर, मुलावर देखरेख ठेवणारा) हजेरी लावायची, या अटीवर. पंचवीस हजारवाल्यानं यातला एक तरी कागद मागितला असता असं मला वाटत नाही.

परिविक्षा अधिकारी घरी येऊन सामाजिक तपास अहवाल करतात. ताई पोराच्या बापाचं पिणं लपवणार होती. वकीलबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, घर चांगलं दाखवू नका, खरं दाखवा. कसली मदत लागते ते मंडळाला त्यातूनच कळतं." बाप व्यसनमुक्ती केंद्राच्या ओपीडीत जायला लागला तो त्या अहवालानंतर.

वस्तीत दोन तऱ्हेचे लोक भेटले. एक म्हणायचे, निबंध लिहून सुटेल. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोघांचा जीव गेला, तेव्हा ३०० शब्दांच्या निबंधाची अट घालून जामीन झाला होता. लोकांच्या मनातून ते जात नाही, आणि जाऊही नये. दुसरे म्हणायचे, आता सोळाच्या पुढच्यांना मोठ्यांसारखी शिक्षा होते, पोरगा गेला. वकीलबाईंनी मला आणि ताईला बाकावर बसवून नीट समजावलं. १९८६ च्या कायद्यात मुलगा सोळाचा झाला की तो मोठा. २००० च्या कायद्यानं मुलगा-मुलगी दोघांना वय अठरा केलं. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या बलात्कार प्रकरणात एक आरोपी अठराला काही महिने कमी होता. त्यानंतरच्या संतापातून २०१५ चा कायदा आला आणि १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. आता सोळा ते अठरा वयातल्या मुलावर किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा असेल, तर मंडळ आधी त्याची समज, मनःस्थिती आणि परिस्थिती तपासतं आणि मग केस मोठ्यांसारखी चालवायची का ते ठरवतं. आमच्या पोरावरची कलमं तितक्या शिक्षेची नव्हती, म्हणून तो प्रश्नच आला नाही. त्याला आयटीआयला जायचंय. कलम २४ मुळे हे प्रकरण त्याच्या नोकरीच्या आड येणार नाही, हे कळल्यावर तो त्या दिवशी पहिल्यांदा वर बघून बोलला.

एक तारा कापला, त्याची कारणं. पुढच्या एका तारखेला प्राधिकरणाच्या यादीतले दुसरे वकील आले आणि त्यांनी फाईल उघडलेली नव्हती. मी पुन्हा सगळं सांगितलं. आदेशाची प्रत इंग्रजीत मिळाली. ताई सातवी शिकलेली. तारीख बदलल्याचा फोन आला नाही, तिचा कामाचा खाडा फुकट गेला. धुणीभांडी करणारीचा खाडा म्हणजे चार घरांचे पैसे, आणि एखादं काम सुटायची भीती वेगळी. प्राधिकरणानं एका मुलाला शेवटपर्यंत एकच वकील द्यावा आणि आदेशाचा अर्थ मराठीत एका कागदावर लिहून द्यावा. यात जास्तीचा खर्च फारसा नाही.

आणखी एक. पोरं पकडली गेली, "भाई" बाहेर आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ८३ सांगतं की जो मोठा माणूस किंवा टोळी मुलांना बेकायदा कामाला लावते, त्यांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. वस्तीत हे कलम कुणाला माहीत नव्हतं. मी वकीलबाईंना विचारलं, त्यांनी त्याबद्दल लेखी अर्ज करून दिला. चौकीची पोच माझ्याकडे आहे आणि दर तारखेला मी त्याचं पुढे काय झालं ते विचारते.

कुणावर ही वेळ आली तर १५१०० वर फोन करा, किंवा थेट जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयात जा. शाळेचा दाखला, रेशनकार्ड, पालकाचं ओळखपत्र आणि मुलगा कुठे राहील त्या घराचं वीजबिल सोबत न्या. मुलाला चौकीत नेल्यानेल्या वकील मागा, तारखेपर्यंत थांबू नका.