कोंबड्यांसाठी पाल्याची लटकती जाळी: घेण्याजोगी, पण गोल नको

पाला जमिनीवर टाकला की कोंबड्या निम्मा तुडवतात आणि त्यावरच विष्ठा करतात. तारेची लटकती जाळी ही नासाडी वाचवते. पाला घट्ट अडकलेला असला की कोंबडी चोचीने हिसडा देऊन लहान तुकडा तोडते. म्हणून जाळी गच्च भरा; सैल भरली तर अख्खं पान बाहेर ओढलं जातं आणि मग पळापळ, हिसकाहिसकी.

चेंडूसारखा गोल प्रकार मात्र टाळाच. दिसतो गोंडस, पण भोकं मोठी. पाला तळाशी गेला की कोंबडी डोकं आत घालते आणि मान अडकते. उभट जाळी घ्या, तारांमधलं अंतर साधारण २.५ सेंटिमीटर. टांगताना तळ कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर ठेवा. वजनदार जातींना उड्या मारायला लावू नका, पाय दुखावतात.

कोबी, लेट्यूस, मुळ्याचा पाला यात छान बसतो. पालक अधूनमधूनच: त्यातलं ऑक्झॅलेट हे द्रव्य कॅल्शियम अंगी लागू देत नाही. लांब गवत ३-४ सेंटिमीटर कापूनच द्या, नाहीतर गळ्याखालच्या अन्नपिशवीत गोळा होऊन ती तुंबते. पाला पोटात दळला जावा म्हणून कोंबड्यांना टिपायला बारीक खडेही हवेतच. पाला रोजच्या खाण्याच्या दहाव्या भागापर्यंत. जास्त झाला तर पोट भरतं, प्रथिनं कमी पडतात, अंडी घटतात.

सोबतचा हूक बहुतेकदा तकलादू असतो, जाड तारेचा लावा. उरलेला पाला संध्याकाळी काढा, नाहीतर रात्री उंदीर येतात.